पदराच्या गाठीतलं फिलिंग

आजीनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर मसुरीच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा ठेवला.

"घे तुझं. सकाळी भाकरीत आलं. गिळणार हुते, म्हटलं नको, पोरीनं जीव लावून भरलंय."

चार महिन्यांपूर्वी ते फिलिंग मीच भरलं होतं, दंतवैद्यकाच्या पीजीच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या ऐटीत. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं, प्लॅस्टिकसारख्या रेझिनचं मिश्रण, खिडकीच्या उजेडात शेड जुळवून, शेवटी पॉलिश करून. तुकडा उलटा करून बघितला. दाताच्या बाजूला असलेला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होता. एखादी वस्तू तुटली की तिची कड खडबडीत असते. हे तुटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं.

आमचं गाव निपाणीजवळ, तंबाखूच्या पट्ट्यात. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले, तेव्हा आजोबा त्यांच्यात होते. आजीचा तंबाखूशी संबंध त्याहून जुना आणि रोजचा. तवा तापवायचा, त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. ही मिश्री. सकाळी उठल्यावर लावायची, जेवल्यावर लावायची, कुणी गप्पांना आलं की लावायची आणि कुणी आलं नाही तर कंटाळा आला म्हणून लावायची. पन्नासेक वर्षं तर्जनी त्याच दातांवरून फिरली. हिरड्या खाली सरकल्या, मुळं उघडी पडली आणि दाताच्या मानेशी, हिरडीला लागून, खाचा पडल्या. अशा खाचा फक्त मिश्रीनंच पडतात असं मी म्हणणार नाही. घासणं, आंबट खाणं, चावताना मानेवर येणारा ताण, यातलं कोणतं किती यावर आमच्या धंद्यात अजून वाद आहेत. पण आजीच्या तोंडात बघितलं की वाद घालावासा वाटत नाही.

तो तुकडा प्लॅस्टिकच्या पुडीत घालून मी आमच्या गाइड मॅडमच्या टेबलावर ठेवला. थिसिसचा विषय द्यायची मुदत जवळ आली होती. बरोबरच्यांचे विषय ठरले होते: या कंपनीचा बाँड (फिलिंग दाताला चिकटवणारा द्रव) विरुद्ध त्या कंपनीचा बाँड, बाजारात नवीन आलेलं एक विरुद्ध जुनं एक.

मॅडम म्हणाल्या, "आजीचं फिलिंग पडलं हा विषय होत नाही. ते का पडलं हे साठ दातांत कसं मोजणार, ते लिहून आण."

लिहून आणायला मला सहा आठवडे लागले.

थोडं शास्त्र सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दाताला काहीतरी चिकटवायची कल्पना तशी अलीकडची. 1955 साली बुओनोकोर यांनी दाताच्या वरच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल तीस सेकंद लावून बघितलं. पृष्ठभाग खरखरीत झाला आणि त्यावर रेझिन घट्ट बसलं. आज आपण 37 टक्क्यांचं जेल पंधरा सेकंद लावतो, तत्त्व तेच. एनॅमलच्या आतलं डेंटिन मात्र अवघड जातं. त्यात पाणी असतं, कोलॅजेनचे धागे असतात आणि लाखो बारीक नळ्या असतात. आम्लानं खनिज निघून गेलं की उघड्या पडलेल्या धाग्यांत रेझिन मुरायला हवं. मुरलं तर दात आणि रेझिन यांचा एक मिश्र थर बनतो. जपानमध्ये नाकाबायाशी यांनी 1982 साली तो दाखवला. कंपोझिट डेंटिनला टिकतं ते बरंचसं या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर.

आजीच्या खाचेतलं डेंटिन मात्र वेगळं असतं. वर्षानुवर्षं घासलं गेलेलं डेंटिन स्वतःला वाचवायला नळ्यांची तोंडं खनिजानं बुजवून टाकतं. वर आणखी एक जास्त खनिजाचा थर बसतो. रंग मधासारखा तपकिरी होतो, टोकदार प्रोब फिरवला तर घसरतो. म्हणून तर आजीला एवढ्या खोल खाचा असून थंड पाणी झोंबत नाही. पण पंधरा सेकंदांचं आम्ल अशा जागी नीट काम करत नाही, रेझिनला आत शिरायला वाटच नसते. याला आम्ही स्क्लेरोटिक डेंटिन म्हणतो. पुस्तकात यावर एक परिच्छेद होता. परीक्षेत मी तो पाठ करून लिहिलाही होता. आजीचं फिलिंग भरताना मात्र आठवला नव्हता.

दुसरा पदार्थ ग्लास आयनोमर. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी तो शोधला, 1972 मध्ये दंतवैद्यांसमोर आला. काचेची पूड आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल यांचं हे सिमेंट. ते दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक नातं जोडतं, नळ्यांत शिरायची त्याला गरज नसते. दिसायला कंपोझिटएवढं सुंदर नाही, झिजतं लवकर, म्हणून पीजीची मुलं त्याच्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात. मीही त्यातलीच.

तर मांडणी अशी ठरली: तीस निरोगी दात, तीस मिश्रीच्या खाचांचे. प्रत्येकात निम्म्यांवर कंपोझिट, निम्म्यांवर ग्लास आयनोमर. वरून पातीनं दाबून तोडायचं आणि किती जोर लागला ते मोजायचं. कागदावर पाच ओळींत बसलं.

निरोगी दात मिळायला त्रास झाला नाही. वाकडे दात सरळ करायला येणाऱ्या पोरापोरींच्या उपदाढा काढतात, त्या मिळाल्या. खाचांचे दात मिळवणं ही मोहीमच झाली. हिरड्या ढिल्या होऊन हलणारे, तसेही काढावेच लागणार असे म्हाताऱ्या माणसांचे दात, आणि त्यांवर शाबूत खाच. निपाणी, चिकोडी, खानापूर, संकेश्वर, जिथं ओळखीचं कुणी दवाखाना चालवत होतं तिथं बरणी ठेवली. बरणीत अर्धा टक्का क्लोरामाइन-टी, म्हणजे जंतुनाशक पाणी. दात वाळला की संपला, आणि काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरला पाहिजे.

एथिक्स कमिटीनं संमतिपत्रं मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत मागितली. मराठी मी लिहिलं. कन्नड माझ्या बैलहोंगलच्या ज्युनिअरनं लिहिलं आणि माझं मराठी वाचून म्हणाली, "अक्का, हे कुणाला कळणार?" मी 'निष्कासित दंत संशोधनार्थ वापरण्यास' असं काहीतरी लिहिलं होतं. तिनं कन्नडमध्ये सरळ लिहिलं होतं: तुमचा काढलेला दात आम्ही टाकून न देता अभ्यासाला वापरू का? मी मराठी तिच्यावरून पुन्हा लिहिलं. तरी खानापूरच्या एका आजोबांनी सही करण्याआधी विचारलं, "अभ्यास झाल्यावर परत मिळंल न्हवं?" त्यांना घरच्या परसात पुरायचा होता. त्यांचा दात मी घेतला नाही.

आणि मग ती बरणी. एका दवाखान्यातून फोन आला, अकरा दात जमलेत, घेऊन जा. अकरा म्हणजे लॉटरी. शनिवारी बस पकडून गेले. तिथल्या मदतनीस ताईंनी मोठ्या कौतुकानं बरणी पुढं केली. "तुमच्या त्या पाण्याला वास येत होता, आणि दात किती घाण! मी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये घालून चकचकीत करून ठेवलेत." होतेही चकचकीत. मिश्रीचा एक डाग राहिला नव्हता. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन दातात मुरून राहतो आणि रेझिनला घट्ट होऊ देत नाही. अशा दाताला काहीही चिकटवलं तर मी मिश्री मोजत असेन की पेरॉक्साइड, हे देवालाच ठाऊक. ताईंना काही बोलले नाही. त्यांनी चहा दिला, तो प्यायले. बरणीवर चिठ्ठी लावली होती, पण इंग्रजीत. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बरणीवर मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात: 'यातलं पाणी बदलू नका. दात धुऊ नका.' ते अकरा दात मी पुढं हात बसवायला वापरले.

खाचांच्या दातांची दुसरी अडचण टेबलावर आली. जोड तपासायला पृष्ठभाग सपाट लागतो. खाच सपाट करायला घासली, तर जो वरचा कडक थर तपासायचाय तोच निघून जातो. सरधोपट पद्धतीत तीन मिलिमीटर व्यासाचा कंपोझिटचा खांब उभा करतात. तेवढी सपाट जागा खाचेत कुठून आणायची? मॅडमनी तोडगा काढला: पाचरीसारख्या खाचा सोडा, उथळ, बशीसारख्या तेवढ्या घ्या, आणि खांब दोन मिलिमीटरचा करा. म्हणजे दोन मिलिमीटर भोकाचा, मधोमध उभा चिरलेला साचा हवा. तयार मिळत नव्हता.

बेळगावात कोणतीही वस्तू 'तयार मिळत नाही' म्हटलं की लोक एकच उत्तर देतात: उद्यमबागेत जा.

मी गेले. फौंड्र्या, लेथ, हायड्रॉलिकचं सामान बनवणारे कारखाने, आणि त्यांच्या मधल्या बोळात एक दोन लेथांचा वर्कशॉप. मालक साठीचे, कपाळाला गंध, चष्मा नाकावर. सगळे मामा म्हणत, मीही म्हटलं. मी वहीत काढलेलं चित्र त्यांनी उलटसुलट बघितलं.

"मटेरियल?"

"टेफ्लॉन. त्याला काही चिकटत नाही म्हणून."

"टेफ्लॉन माहीत आहे की. सिलिंडरच्या सीलला तेच लागतंय." कोपऱ्यातला पांढरा रॉड उचलून त्यांनी नखानं दाबून दाखवला. "पण हे मऊ. चकमध्ये आवळलं की दबतंय. भोक दोनचं पाडलं तरी सोडल्यावर दोनचं राहील म्हणून नाही. त्यात तुम्ही उभं चिरायला सांगताय. चिरल्यावर दोन्ही पाळ्या परत तशाच जुळणार कशावर?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्यांच्याकडं होतं. आधी रॉड चिरायचा, दोन्ही तुकडे पितळेच्या कड्यात घट्ट बसवायचे, आणि मग जोडावर मधोमध भोक. कडं काढलं की साचा उघडेल, घातलं की परत जुळेल. तोडायची पातीही त्यांनीच करून दिली, टूल स्टीलची, धार अर्ध्या मिलिमीटरची. मी धारदार पाती मागितली होती. ते म्हणाले, "धार लावली तर कापंल. तुम्हाला ढकलायचं आहे का कापायचं?" ढकलायचंच होतं.

दात कशानं सपाट करता, विचारलं. सहाशे नंबरचा सिलिकॉन कार्बाइड पेपर, पाणी मारून. मान हलवली, हे त्यांच्या ओळखीचं होतं. मग आम्ल कुठलं? फॉस्फोरिक. तेव्हा ते हसले. "पेंट मारायच्या आधी आम्हीपण लोखंडाला तेच लावतो की. नाहीतर पेंट धरत नाही." मी तिथं स्टुलावर बसून त्यांना बुओनोकोरची गोष्ट सांगितली. बुओनोकोरना ती कल्पना सुचली होती तीच मुळी धातूवर रंग बसावा म्हणून कारखान्यात वापरतात त्या आम्लावरून. मामांना त्यात नवल वाटलं नाही. "मग? दात काय, लोखंड काय. आधी जागा तयार करायची."

साच्याचे पैसे घेतले, पातीचे घेतले नाहीत.

आता तोडायचं यंत्र. यूटीएम म्हणजे कुठल्याही वस्तूला ओढून किंवा दाबून तिची ताकद मोजणारं यंत्र. एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे कळलं, गेले. यंत्र दुमजली घराएवढं वाटलं. सळया तोडायचं, 400 किलोन्यूटनचं, म्हणजे चाळीस टनांचं. चालवणाऱ्या अण्णांनी माझी डबी उघडून दात बघितले आणि म्हणाले, "इदु कब्बिणक्के, मॅडम. हल्लिगे अल्ला." हे लोखंडासाठी आहे, दातासाठी नव्हे. मला वाटलं टाळतायत. मग त्यांनीच हिशोब मांडला. दोन मिलिमीटर व्यास म्हणजे क्षेत्रफळ 3.14 चौरस मिलिमीटर. दहा मेगापास्कलचा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला दहा न्यूटनचा, जोड तोडायला लागणार 31.4 न्यूटन. सव्वातीन किलो. चाळीस टनांच्या काट्यावर सव्वातीन किलो म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर मेथीची जुडी. कितीतरी थिसिसांत यंत्राचं नाव असतं, त्याचा लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा भाग, किती न्यूटनचा हे नसतं. तेव्हापासून मी पेपर वाचताना आधी ते शोधते. शेवटी रबर-प्लॅस्टिक तपासणारं, 500 न्यूटन लोड सेलचं छोटं यंत्र दुसऱ्या एका ठिकाणी मिळालं. दर नमुन्यामागं पैसे होते, ते भरले.

प्रत्यक्ष काम पावसाळ्यात सुरू झालं. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणून त्याच्या चकत्या कापल्या, त्यांत अॅक्रिलिक ओतून दात बसवले. अॅक्रिलिक घट्ट होताना तापतं, म्हणून प्रत्येक ठोकळा लगेच गार पाण्यात. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाइपच्या दुकानदारानं "बाथरूमचं काम काढलंय काय?" विचारलं, एवढंच.

पहिले बारा कंपोझिटचे खांब करून झाले आणि सगळे कसे मवाळ वाटले. नखानं कडेला ओरखडा उठत होता. दोष साच्यात शोधला, बाँडमध्ये शोधला, पावसाळी हवेत शोधला. ज्युनिअरनं लाइट-क्युअरची, म्हणजे निळ्या उजेडानं कंपोझिट घट्ट करायची, कांडी उजेडात धरली आणि म्हणाली, "अक्का, टोक बघ." टोकावर जुन्या कंपोझिटचा पातळ थर चिकटून वाळला होता. डिपार्टमेंटमध्ये दिवसभर सगळे तीच कांडी वापरायचे. उजेड मोजणारा रेडिओमीटर लावला तर दर चौरस सेंटिमीटरला तीनशेच्या आसपास मिलिवॅट. नवीन असताना ती हजार द्यायची. चारशेच्या खाली तर वापरूच नये असं आम्हाला शिकवलेलं. कंपोझिटमधलं कॅम्फरक्विनोन हे द्रव्य 470 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड शोषून अभिक्रिया सुरू करतं. उजेड अर्धवट पोचला तर पदार्थही अर्धवटच. टोक ब्लेडनं हलकेच खरवडून साफ केलं, काटा वर गेला. बारा नमुने बाद. त्या रात्री मला माझे नमुने नाही, माझे पेशंट आठवत होते. त्याच कांडीनं मी आठवडाभर फिलिंगं केली होती. आजीचंही त्याच कांडीनं केलं होतं का, हे शोधायला आता मार्ग नव्हता. डिपार्टमेंटमध्ये सांगितलं तर दोघांनी "हो, होतं तसं" म्हटलं आणि पुढं गेले. आता रेडिओमीटर माझ्या एप्रनच्या खिशात असतो.

खांब उभे केल्यावर 37 अंशांवर पाण्यात चोवीस तास, मग थर्मोसायकलिंग. तोंडात गरम चहा जातो, थंड पाणी जातं, पदार्थ आणि दात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि जोडावर ताण येतो. त्याची नक्कल: 5 अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, 55 अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, मधे उचलून न्यायला दहा-दहा. अशी पाचशे आवर्तनं. याचं स्वयंचलित यंत्र असतं, आमच्याकडं नव्हतं. दोन वॉटर बाथ होते, आणि स्टीलची चहाची मोठी गाळणी होती. एका फेरीला 80 सेकंद, पाचशेला अकरा तासांवर. दोन दिवसांत वाटून घेतलं. ज्युनिअर मोबाइलवर वेळ सांगणार, मी गाळणी उचलणार, शंभर झाले की अदलाबदल. बर्फ टाकत राहायचं, थर्मामीटरवर डोळा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि 55 चं पाणी 51 वर आलं, तेव्हा कॅन्टीनमधून उकळत्या पाण्याची किटली पळवून आणली. आता स्वयंपाकघरात गाळणी हातात घेतली की माझे आकडे सुरू होतात.

मुख्य गोष्ट इथंच घडली. मिश्रीचे दात आणि कंपोझिट, या गटातले तीन खांब साचा उघडतानाच साच्याबरोबर निघून आले होते. चौथा थर्मोसायकलिंगमध्ये गेला. तीनशेच्या पुढं कधीतरी गाळणीच्या तळाशी पांढरी कणी दिसली. उचलून उलटी केली. मागची बाजू गुळगुळीत, काचेसारखी.

पंधरापैकी चार. यंत्रावर जायला उरले अकरा.

एका सीनिअरनं सांगितलं, "त्यात काय? जास्तीचे दात आहेत ना? चार नवीन कर, घाल. सगळे तेच करतात." माझ्याकडं खाचेचे पाच दात जास्तीचे होते, खरंच. आणि मी केलं. त्या रात्री बसून चार केले, वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. सकाळी साचा उघडला तर त्यातलाही एक निघून आला. मला हसू फुटलं. ज्युनिअरला वाटलं रडतेय.

मॅडमकडे गेले, सगळं सांगितलं, रात्रीच्या उद्योगासकट. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या आजीचं फिलिंग यंत्रावर तोडलं होतं का?"

ते नवीन चार ड्रॉवरमध्ये गेले, अजून तिथंच आहेत.

संख्याशास्त्राच्या सरांनी विचारलं, "या चार जागी काय भरू? शून्य, की रिकामं सोडू?" प्रश्न साधा दिसतो. रिकामं सोडलं तर कमजोर नमुने आपोआप गळतात, उरलेल्या अकरांची सरासरी छान दिसते आणि वाचणाऱ्याला वाटतं मिश्रीचा फारसा परिणाम नाही. शून्य भरलं तरी पूर्ण खरं नाही. जोड काही ना काही होता, मोजण्याआधी सुटला एवढंच. या विषयावर संशोधकांतही एकमत नाही. आम्ही दोन्ही तक्ते छापले, आणि चार सुटले ते कुठं आणि कधी, हे एका ओळीत लिहिलं.

यंत्रावर काय दिसलं? निरोगी दातावर कंपोझिट सगळ्यात वर. मिश्रीच्या दातावर तेच कंपोझिट बरंच खाली. ग्लास आयनोमरचे आकडे निरोगी दातावरच्या कंपोझिटपुढे लहान होते, पण निरोगी दात आणि मिश्रीचा दात यांत फरक थोडा. नुसता तक्ता बघितला असता तर मी ग्लास आयनोमरला नापास करून मोकळी झाले असते. मग तुटलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घातले. कंपोझिटचा मिश्रीचा दात स्वच्छ, कोरा. ग्लास आयनोमरच्या दातावर बहुतेक ठिकाणी पांढऱ्या सिमेंटचा थर तसाच चिकटलेला. म्हणजे सुटला नव्हता जोड, सिमेंट स्वतःच मधून फाटलं होतं. यंत्रानं जो आकडा दिला तो सिमेंटच्या स्वतःच्या ताकदीचा. जोड त्याहून मजबूतच असणार. अशा खाचांमध्ये ग्लास आयनोमर रुग्णांच्या तोंडात चांगलं टिकतं, हे क्लिनिकल अभ्यासांत आधीच दिसलेलं होतं. मला ते गाळणीतून गेल्यावर पटलं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटता उलटता विचारलं, "दोन तक्ते का?" मी चार खांबांचं सांगितलं. ते क्षणभर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आमच्या वेळी आमचे कधी पडलेच नाहीत." मग पुढचा प्रश्न विचारला.

दिवाळीला गावी गेले. आजीला बाहेर सोप्यावर खुर्चीत बसवलं, कापसाचे बोळे लावले. दहा टक्के पॉलिअॅक्रिलिक आम्ल वीस सेकंद, धुतलं, कागदाच्या पॅडवर पूड आणि द्रव कालवलं, चकाकी जायच्या आत भरलं, दाबून धरलं, वरून व्हार्निश लावलं. गाल आणि जीभ उलटून नेहमीप्रमाणे तंबाखूनं उठणारा पांढरा चट्टा कुठं आहे का बघितलं. नव्हता. मिश्री सोड म्हणून मी दरवेळी सांगते, तशी याही वेळी सांगितली. सोडणार नसशील तर निदान उद्यापर्यंत त्या दाताला बोट लावू नकोस, म्हटलं.

"न्हाई लावत," आजी म्हणाली.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला स्वयंपाकघरातून तवा तापल्याचा वास आला, मग तंबाखूचा. आत गेले तर उलथनं हातात घेऊन आजी तव्यापुढं.

"नुसती भाजून ठेवतीया ग. लावीन परवा."